राकाची वेणी

मित्रांनो, दचकू नका. पेटीत काळे, लांबलचक, वेटोळे घालून पडलेले काही दिसले की कुणालाही साप वाटतो. मी साप नाही. मी एक जुने गंगावन आहे. तुमच्यातल्या पुष्कळांनी हा शब्दच ऐकला नसेल. ज्यांचे केस आखूड किंवा विरळ असत, त्या बायका आपल्या केसांत खऱ्याच केसांची एक जोडवेणी गुंफून घेत. तिला मराठीत गंगावन म्हणतात. माझ्या नावातही गंगा आहे आणि मी राहतेही गंगेच्या काठी, काशीतल्या ब्रह्मा घाटावर.

पण दुसऱ्या एका नावाने तुम्ही मला नक्की ओळखत असाल. 'निशापुर की बहनें' ही मालिका तुमच्या घरी बघायचे ना? अमा, राका आणि चिनगी, अशा तीन जादूगार बहिणी. अमा वेळ थांबवायची. चिनगी बोटातून ठिणग्या उडवायची. आणि मधल्या राकाची सगळी शक्ती तिच्या गुडघ्यापर्यंत पोचणाऱ्या वेणीत असायची. ती वेणी बंद दाराच्या फटीतून आत शिरायची, राक्षसांचे पाय बांधायची, संकटाची चाहूल लागली की आपोआप वळवळायची. मित्रांनो, ती वेणी म्हणजे मी.

आता वळवळणे माझे मला कुठून येणार? वर माळ्यावर देवदत्त नावाचा दिवेवाला बसलेला असायचा. तो काळ्या दोऱ्याने मला ओढायचा. पण खरे सांगते, त्याने ओढले नाही तरी मी कधी स्वस्थ नव्हते. केसाला स्वस्थता ठाऊकच नसते. डोक्यावर असला तर वाऱ्याबरोबर उडतो, गळून पडला तर घरभर भटकतो. माझ्यात तर दोन डोक्यांचे केस आहेत. मग विचारायलाच नको.

ही दोन डोकी दोघी बहिणींची. मुक्ता थोरली, नंदा धाकटी. दोघी गच्चीवर बसून एकमेकींचे केस विंचरायच्या आणि फणीत आलेले केस बोटाभोवती गुंडाळून एका कापडी पिशवीत ठेवायच्या. पुढे मुक्ताचे लग्न झाले आणि ती इंदूरला गेली. पहिल्याच बाळंतपणात ती वारली. नंदाला तिचे काहीच हाती मिळाले नाही. घरात राहिली होती ती एवढी पिशवी. शेजारपाजारच्या बायका म्हणाल्या, "गंगेत सोड ते." नंदाने सोडले नाही. तिने त्या गुंत्यातला एकेक केस सोडवला. मुळांची टोके एकीकडे, शेंडे दुसरीकडे केले. रिठ्याने धुऊन गच्चीवर वाळत घातले. एकदा एक माकड त्यातली भली मोठी बट घेऊन पळाले, तेव्हा नंदा अनवाणी तीन गच्च्या ओलांडून त्याच्या मागे गेली. मग दोन खुंट्यांना दोरे ताणून त्यांत तिने बट बट करून मला विणले. मुक्ताचे केस थोडे भुरे, नंदाचे काळेभोर. उन्हात धरले तर अजूनही दोन रंग दिसतात.

नंदाने लग्न केले नाही. नवरीची वेणीफणी करणे आणि गणेशोत्सवातल्या मराठी नाटकांत पात्रांचे केस करणे, हा तिचा उद्योग झाला. तिचे हातही माझ्यासारखेच होते. रिकामे राहिले की पदराचे टोक पिळायचे, सुतळी विणायचे.

अशाच एका नाटकात ती मला दुर्गाघाटावरच्या वैदेहीच्या केसांना लावत होती. वैदेहीला कॉलेजात असताना टायफॉइड झाला होता. त्यात केस गेले, ते पुन्हा नीटसे आलेच नाहीत. मानेपर्यंत कसेबसे पोचायचे. तिला त्याचे वाईट वाटत नव्हते. उलट आंघोळ लवकर होते म्हणून ती खूश असायची. पण त्या दिवशी ती राणी होती, आणि राणीला वेणी हवी होती. ती रंगमंचावर आली आणि गर्रकन वळली. मी तिच्याभोवती फिरले आणि समोर बसलेल्या एका माणसाने आपली खुर्ची पुढे ओढली.

त्या माणसाचे नाव अनिमेष. बंगाली टोल्यात वाढलेला, डोक्यात सतत गोष्टी शिजत असलेला दिग्दर्शक. पलीकडे रामनगरला एका बंद पडलेल्या गालिच्यांच्या गोदामात त्याने नव्या मालिकेसाठी निशापूर उभारले होते. नाटक संपल्यावर तो आत आला.

"ये बाल असली हैं?" त्याने विचारले.

"असली तर आहेत, पण माझे नाहीत," असे हिंदीत हसत म्हणून वैदेहीने मला काढून त्याच्या हातात दिले.

अनिमेषने मला उलटेपालटे करून पाहिले. मग हळूच म्हणाला, "राका मिल गई. बस, ये बात किसी को मत बताना."

मित्रांनो, तेव्हा ते कुणालाच खोटे वाटले नाही. नाटकातली गंमतच वाटली.

मग माझी धावपळ सुरू झाली. रोज सकाळी नंदा आणि वैदेही गल्लीतून चालत मैदागिनला यायच्या, तिथून ऑटोने पुलावरून रामनगरला. मी नंदाच्या पिशवीत असायची. गोदामात एक भलामोठा पंखा होता. त्याच्यासमोर वैदेहीला उभे करायचे आणि मला उडवायचे. कधी माझ्यावर चकाकी फवारायचे, कधी धूर सोडायचे. संध्याकाळी नंदा मला मांडीवर घेऊन शेंड्याकडून मुळाकडे विंचरायची आणि पुटपुटायची, "किती गं छळलं तुला."

मालिका चालली ती चालतच राहिली. बारा वर्षे. अमाचे काम करणाऱ्या बाया तीनदा बदलल्या. चिनगी आली तेव्हा शाळकरी मुलगी होती, ती डोळ्यांदेखत मोठी झाली. दर भागात त्या तिघी बहिणी भांडायच्या, आणि संकट आले की एकमेकींचे हात धरून उभ्या राहायच्या. घराघरांत ते आवडले. काशीच्या गल्ल्यांत मुली केसांना काळ्या रिबिनी जोडून राका होऊ लागल्या. वैदेही बाहेर पडली की बायका मला हात लावून तो हात आपल्या मुलींच्या डोक्यावरून फिरवायच्या. काही जणी मात्र तिला पाहून मुलांना आपल्या पाठीमागे ओढायच्या. पाहायला आलेल्या एका स्थळाने तर तिच्या आईला विचारले, "घरात ती वेणी कुठं ठेवता?"

केसांच्या तेलाची एक जाहिरात आली. तिच्यात राका म्हणायची की ही वेणी माझी स्वतःची आहे. करारात लिहिले गेले की वैदेहीने चारचौघांत वेणीशिवाय दिसायचे नाही. झाले! त्या दिवसापासून भाजी आणायला जायचे तरी आधी नंदाने मला लावायचे. घाटावर मोकळ्या डोक्याने पाय सोडून बसणारी ती मुलगी आता खोलीत येरझारा घालायची. बसली तर पाय हलवायची. रात्री मला उतरवले की ती आधी डोके गदागदा हलवायची.

"मावशी, ही वेणी मला ओढते गं," ती एकदा म्हणाली.

"घट्ट झाली का? उद्या सैल घालते."

"घट्ट नाही. तशी नाही ओढत."

तिने मला पुन्हा विंचरायला घेतले. मी आधीच विंचरलेली होते.

अशातच एका पावसाळ्यात एक विचित्र अफवा गावोगाव पसरली. म्हणे झोपेत असलेल्या बायकांच्या वेण्या कुणीतरी कापून नेते. कुणी म्हणे मांजर होऊन येते, कुणी म्हणे म्हातारी होऊन येते. बायका दाराला लिंबू-मिरची बांधू लागल्या. बाहेरगावची एखादी एकटी बाई दिसली की लोक तिच्या पिशव्या तपासू लागले.

अनिमेषला यात नवी गोष्ट दिसली. त्याने भराभर एक भाग लिहिला. त्यात वेण्या कापणारी एक म्हातारी चेटकीण निशापुरात येते आणि राकाच्या वेणीवर टपून बसते.

"लोग पहले से डरे हुए हैं, अनिमेषदा," वैदेही म्हणाली. "ये मत दिखाइए."

"डरे हुए हैं, इसीलिए तो देखेंगे."

तो भाग दाखवला गेला आणि मालिका आधी कधी नव्हती एवढी पाहिली गेली.

त्यानंतर थोड्याच दिवसांत रामनगरमध्येच एका मुलीची वेणी गेली. गुंजा तिचे नाव. आमच्या गोदामाच्या गल्लीच्या तोंडाशी मोहनचे चहाचे दुकान होते, त्याची ही मुलगी. सकाळी उठली तर वेणी नाही! मानेशी वेडेवाकडे कापलेले केस, आणि ती म्हणे, एक हात आला होता. मोहनने येईल त्या गिऱ्हाइकाला ते सांगितले. सांगता सांगता त्या हाताला लांब नखेही फुटली.

त्या दिवशी शनिवार होता. शनिवारी दुपारीच काम संपायचे आणि नंदा मला धुवायला घरी घेऊन जायची. वैदेही मागे थांबली होती, तोंडाचा रंग उतरवायला तिला वेळ लागायचा; शनिवारी ती डोक्यावरून ओढणी लपेटून बंद गाडीतून घरी जायची. नंदा पिशवी खांद्याला लावून एकटीच निघाली. पिशवीची चेन अर्धवट लागली होती. माझा गोंडा बाहेर लोंबत होता. तिला ते कळले नाही.

भाजीच्या पाट्यांजवळ, हे काय म्हणून एक बाई तिथल्या बोलीत ओरडली, "अरे, ई का हौ? चोटी हौ!"

कुणीतरी मला खेचून बाहेर काढले. मी निघतच राहिले, निघतच राहिले. एवढी लांब वेणी पाहून लोक आधी मागे सरकले आणि मग एकदम पुढे आले. "पकड़ो! यही है! यही काटती है!" नंदाचा दंड कुणीतरी धरला. तिची चप्पल निघाली. तिला ओढत त्यांनी मोहनच्या दुकानासमोर आणून उभे केले. त्याचीच मुलगी ना, आता त्यानेच ओळखावे, म्हणून.

नंदाने त्याला पाहिले आणि तिच्या जिवात जीव आला. रोज सकाळी ती त्याच्याकडे कमी साखरेचा चहा प्यायची.

"मोहन भइया, आप तो हमको जानते हैं. बताइए न इनको. हम यहाँ बाल बनाने का काम करते हैं."

मोहनने तिच्याकडे पाहिले. त्याच्या हातात एक पेला होता. त्याने मान खाली घातली आणि तो पेला विसळायला घेतला.

मित्रांनो, मी आयुष्यात खूप काही पाहिले, पण त्या पेल्याइतके भयंकर काही पाहिले नाही. लोकांना तेवढे पुरले. कुठूनतरी एक दगड आला आणि नंदाच्या कपाळाला लागला. रक्त तिच्या डोळ्यांत उतरले. लोकांचे मोबाइल वर झाले. "बोल, बिटिया की चोटी कहाँ रखी है? बोल!" एकाने मला हातात घेऊन झेंड्यासारखे फिरवले. मला तेव्हा खरोखरच वळवळता यायला हवे होते. पण वर देवदत्त नव्हता. तो गर्दीच्या कडेला होता आणि गोदामाकडे धावत सुटला होता.

तिथे काय झाले ते पुढे त्याच्याच तोंडून कळले. त्याची हकिकत ऐकून वैदेही अर्धा पुसलेला चेहरा घेऊन उठली. अनिमेष दारात आडवा आला.

"पुलिस को फोन कर दिया है. तुम नहीं जाओगी. और ऐसे सिर के साथ तो बिलकुल नहीं."

"पुलिस आने तक मावशी बचेगी?"

तिने त्याचा हात बाजूला केला.

ती आली तेव्हा तिची ओढणी डोक्यावरून घट्ट लपेटलेली होती. पण चेहऱ्यावर राकाचे काजळ तसेच होते. "राका! राका आ गई!" गर्दी दुभंगली. काहींनी चक्क हात जोडले. ज्याच्या हातात मी होते तो पुढे येऊन म्हणाला, "देखिए राका मइया, पकड़ लिया आपके दुश्मन को."

वैदेहीने हात पुढे केला. त्याने मला तिच्या हातात दिले. तिचा तळवा घामाने भिजला होता. मग तिने दुसऱ्या हाताने ओढणी खाली ओढली.

मानेपर्यंतचे, विरळ, कपाळाला चिकटलेले केस. इतक्या वर्षांत ते बाहेरच्या कुणी पाहिले नव्हते.

"ये चोटी किसी की काटी हुई नहीं है," ती म्हणाली. "ये मैं पहनती हूँ. इन्होंने बनाई है. इतने बरस से यही मुझे राका बनाती हैं."

"झूठ!" मागून कोणी ओरडले. "राका के बाल असली हैं. तेल वाले में खुद बोली थी."

"बोली थी. वो झूठ था."

लोक चुळबुळू लागले. कुणाला पटले, कुणाला नाही. दगड अजून दोन-तीन हातांत होते. वैदेहीने इकडेतिकडे पाहिले, दुकानातले लाकडी स्टूल ओढले आणि नंदाकडे पाठ करून त्यावर बसली.

"मावशी, वेणी घाल."

"अगं, आत्ता?"

"आत्ताच. रोज घालतेस तशी."

नंदाने पदराने डोळ्यातले रक्त पुसले. कमरेच्या बटव्यातून केसांचे आकडे काढून ते सवयीने दातांत धरले. पहिला आकडा हातातून पडला. दुसराही पडला. तिसरा घेताना तिने वैदेहीच्या डोक्यावर तळवा ठेवला आणि क्षणभर तसाच ठेवला. मग तिची बोटे चालू लागली. तीन बटा, डावी वर, उजवी वर. माझे मूळ तिने तिच्या आखूड केसांत गुंफले, आकडे खोवले, दोरा आवळला. रोज आरशासमोर होणारे ते काम लोक तोंड उघडे टाकून बघत होते. त्यांच्या समोर, चहाच्या दुकानाच्या स्टुलावर, राका तयार होत होती.

झाल्यावर वैदेही उठली, वळली, सगळ्यांना दिसेल अशी उभी राहिली. आणि मग स्वतःच्या हाताने एकेक आकडा काढून तिने मला डोक्यापासून वेगळे केले.

कुणाच्या तरी कडेवरचे मूल रडू लागले. "राका मर गई?" ते विचारत होते. वैदेहीच्या डोळ्यांतही पाणी आले, पण तिने मला पुन्हा डोक्याला लावले नाही.

तेवढ्यात दुकानाच्या आतून आवाज आला, "हमने खुद काटी थी."

पायरीवर गुंजा उभी होती.

मोहनच्या हातातला पेला आता खाली गेला. "का बोली?"

"हमको चिनगी जैसे छोटे बाल चाहिए थे. आपने मना किया था." ती हुंदके देत होती, पण थांबली नाही. "फिर सब लोग चोटी काटने वाली की बात कर रहे थे, तो हमने बोल दिया कि हाथ आया था. चोटी आटे के पीपे के पीछे है."

कोणीतरी आत जाऊन पाहिले. वेणी तिथेच होती, लाल रिबिनीसकट.

मग ती गर्दी कशी विरघळली म्हणून सांगू! कुणी मोबाइल खिशात टाकला, कुणाला घरचे काम आठवले. हातातले दगड गुपचूप गटारात पडले. नंदाला 'चुकले' असे एकाही माणसाने म्हटले नाही. मोहन मात्र जागच्या जागी खाली बसला. पोलिस आले तेव्हा तिथे आम्ही, तो, आणि पायरीवर रडणारी गुंजा एवढेच होतो.

वैदेहीचा वेणीशिवायचा चेहरा त्याच संध्याकाळी देशभरच्या मोबाइलवर फिरला. तेलवाले गेले, वाहिनीचे लोक संतापले, तिला मालिकेतून काढले. वैदेही नंदापाशी बसलेली असताना अनिमेष ब्रह्मा घाटावर नंदाच्या घरी आला. जिना चढून दमला होता, तरी बसला नाही.

"तुमने मेरी कहानी मार डाली, वैदेही."

"कहानी आप दूसरी लिख लीजिए, अनिमेषदा," ती म्हणाली. "मावशी दूसरी कहाँ से लाती?"

त्याने खिडकीतून गंगेकडे पाहिले आणि जिना उतरून निघून गेला.

निशापुरात नवी राका आली, तिला नायलॉनची वेणी लावली. लोकांनी थोडे दिवस कुरकूर केली आणि पुन्हा बघायला लागले. नंदा परत कामावर गेली नाही. तिने मला धुतले, विंचरले आणि पत्र्याच्या पेटीत ठेवले. मालिका पुढेही चालली. रोज संध्याकाळी आजूबाजूच्या खिडक्यांतून तिचे सुरुवातीचे संगीत यायचे आणि मी अंधारात तळमळायची. आता पंखा सुरू होईल, आता कोणी ओढेल, असे वाटायचे. कुणी ओढायचे नाही. कसरीने माझा गोंडा खाल्ला. मग एक दिवस ते संगीतही बंद झाले. तिन्ही बहिणींनी निशापूर कायमचे सोडले, असे खालच्या मजल्यावरची मुले सांगत होती.

मोहन एकदा आला होता. पेढ्यांचा पुडा घेऊन दाराशी उभा राहिला. म्हणाला, "चाची, हमसे बहुत बड़ी गलती हो गई. माफ कर दीजिए."

नंदाने त्याला बसवले, चहा केला. पेला त्याच्यासमोर ठेवून ती म्हणाली, "चाय पी लो. माफी अभी नहीं है हमारे पास. होगी तो बुला लेंगे."

त्याने चहा प्यायला. पेढे उघडायचे दोघांच्याही मनात आले नाही.

नंदाच्या कपाळावर बारीकशी खूण राहिली. ती पदराखाली झाकली जाते. पण खाली गल्लीत चार माणसे मोठ्याने बोलू लागली की ती दाराला कडी घालायची. गणपतीच्या मिरवणुकीचे ढोल, जे तिने जन्मभर खिडकीत उभे राहून ऐकले, तेही तिला सोसेनात. आणि रामनगरला ती गेली नाही. वर्षानुवर्षे नाही. पुलाचे नाव निघाले तरी तिची बोटे पदर पिळायची.

वैदेही मात्र मुद्दाम रामनगरलाच जाऊ लागली. तिथल्या एका मुलींच्या शाळेत ती नाटक शिकवते. केस अजून आखूडच आहेत, आता थोडे पांढरेही झालेत. दर वर्षी ती नंदाला म्हणायची, "मावशी, मुलींचे केस करायला चल ना." दर वर्षी नंदाचे गुडघे दुखायचे.

या वर्षी मुलींनी स्वतःच एक नाटक लिहिले. जादूगार बहिणींचेच, पण आपल्या मनाने. त्यात बहिणी पाच आहेत आणि सगळ्यात धाकटीला कुठलीच जादू येत नाही. वैदेही म्हणाली, "मावशी, ते गंगावन दे. मी घेऊन जाते. तू नको त्रास घेऊस."

नंदाने पेटी उघडली. मला बाहेर काढले. कसरीने खाल्लेला गोंडा बघून तिने जीभ चावली. दोन दिवस बसून तिने माझी डागडुजी केली. मग म्हणाली, "हे दुसऱ्याच्या हाती नाही देत मी. लावायला चुकलीस तर मुळं तुटतील. मी येते."

पुलावर ऑटोत तिची बोटे पदर पिळत राहिली. बाजाराच्या तोंडाशी उतरलो आणि तिचे पाय जमिनीला खिळले. तीच भाजीची पाटी, तीच कोपऱ्यावरची वर्दळ. वैदेहीने तिचा हात धरला, पण ओढले नाही. नंदा श्वास घेत उभी राहिली. पिशवीवरची तिची मूठ इतकी आवळली होती की आत माझा जीव घुसमटत होता.

मग तिने अचानक चेन उघडली. सगळीच्या सगळी. मला बाहेर काढले, झटकले आणि धुतलेली साडी घ्यावी तसे आपल्या हातावर टाकले. भर उन्हात, भर बाजारातून, ती मला घेऊन चालू लागली. एका पाटीवाल्या पोरीने मान वर करून विचारले, "ई का हौ, अम्मा?"

नंदा थांबली. तिच्याकडे वळली.

"काम हौ हमार," ती म्हणाली आणि पुढे चालू लागली.

मित्रांनो, आता मी खूप जुनी झाले आहे. माझे केस तुटतात, धूळ सोसत नाही. मला हाताळलेत तर शेंड्याकडून विंचरा, धुतलेत तर सावलीत वाळवा, एवढी काळजी मला पुरते. पण माणसांना याहून थोडी जास्त लागते. गोष्टीतल्या चेटकिणींना जरूर भ्या, त्यांच्यावर प्रेमही करा, त्या गोष्टीसाठीच असतात. मात्र रस्त्यात कधी कुणी एखाद्या बाईकडे बोट दाखवून 'तीच, तीच' असे ओरडू लागले, आणि तुम्ही तिला ओळखत असाल, तर मान खाली घालू नका. हातातले काम खाली ठेवा. आणि मोठ्याने सांगा की मी हिला ओळखतो.